जखमेची साक्ष

मनुष्याने केलेल्या कृत्याचा गौरव करणे तुलनेने सोपे असते. कृत्य डोळ्यांना दिसते, त्याला आरंभ आणि शेवट असतो, पाहणारे असतात. परंतु मनुष्याने जे सोसले त्याचा गौरव कसा करावयाचा, आणि त्याहीपेक्षा अवघड म्हणजे, त्याने ते खरोखर सोसले हे कसे ठरवावयाचे? हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात जितका येतो त्याहून अधिक तो सरकारी कचेरीत येतो. आज त्याचा विचार एका पदकाच्या निमित्ताने करू.

आपल्या सैन्यदलांत परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र ही शौर्याची पदके आहेत. ती सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्याखेरीज एक साधे पदक आहे, ज्याचे नाव वृत्तपत्रांत क्वचितच छापून येते. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत ज्याला जखम झाली त्याच्यासाठी ते आहे. पांढरी फीत आणि तिच्या मधोमध तांबडा पट्टा. इंग्रजीत त्याला वुंड मेडल म्हणतात, म्हणजे सरळसरळ जखमेचे पदक. आपल्या भाषेतले त्याचे नाव मात्र पराक्रम पदक.

या दोन नावांत केवढे अंतर आहे ते पाहा. पराक्रम आपण 'करतो'. जखम आपल्याला 'होते'. मराठी व्याकरणानेच हा भेद जपून ठेवला आहे. ज्याने जखमेला पराक्रम म्हटले त्याचा हेतू उदार असणार, यात शंका नाही. नुसती जखम म्हटली तर कोणाला उणे वाटेल, असे त्याच्या मनात आले असेल. पण मला पहिले नाव अधिक प्रामाणिक वाटते. तोफेचा गोळा पडतो तेव्हा तो शूर कोण आणि भित्रा कोण हे विचारून पडत नाही. जखमी माणसाने त्या क्षणी काहीच केलेले नसेल. तो झोपलेला असेल, भाकरी खात असेल, पाण्याची बाटली भरत असेल. तरीही राष्ट्र त्याच्या छातीवर फीत लावते. का? कारण तो त्या जागी स्वतःसाठी उभा नव्हता, आपल्यासाठी उभा होता. आपल्यावर यावयाचा घाव त्याच्या अंगावर आला. हे पदक गुणांचे प्रमाणपत्र नव्हे. ती ऋणाची पोच आहे, आणि पोच देण्याचे काम घेणाऱ्याचे असते, हे या लेखात पुढे पुन्हा लागणार आहे.

सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण महाराष्ट्राला आता परिचित झाले आहे. सैन्याच्या ई.एम.ई. या तांत्रिक दलातील हा जवान १९६५ च्या युद्धात हवाई हल्ल्यात गोळ्या लागून जखमी झाला. तो क्षण चढाईचा नव्हता, तळावरचा होता. पुढे १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत, वयाची ऐंशी वर्षे झाल्यावर. जे पोहण्याच्या तलावात घड्याळाने मोजले गेले होते, त्याची पोच द्यायलाही अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. मग जे कोणत्याच घड्याळाने मोजलेले नाही त्याची काय कथा?

अडचण सुरू होते ती 'शत्रूची प्रत्यक्ष कारवाई' या अटीपाशी. अट अगदी निरर्थक नाही. शत्रूने मारलेली गोळी आणि जीप उलटून मोडलेला हात यांत फरक केलाच पाहिजे, नाहीतर पदकाला अर्थ उरणार नाही. पण सियाचीनवर १९८४ पासून आपले जवान ठाण मांडून आहेत. तेथे शत्रूपेक्षा थंडीनेच अधिक बळी घेतले. हिमदंशाने बोटे गेलेल्या माणसाला शत्रूने काही केले नाही, हे म्हणणे अक्षरशः खरे आहे. पण शत्रू नसता तर त्या उंचीवर कोणी गेले असते का? डिसेंबर २००१ पासून पुढे दहा महिने सीमेवर जी मोठी जमवाजमव झाली, तिचे नाव, योगायोगाने, ऑपरेशन पराक्रम. युद्ध झालेच नाही. तरी आपल्याच हातांनी पेरलेल्या सुरुंगांनी आपल्या कितीतरी जवानांचे पाय नेले. निवृत्तिवेतनाच्या नियमांनी अशा स्फोटांना युद्धजन्य हानीत जागा दिली आहे. पदकाची अट मात्र शत्रूचा हात शोधत बसते. पैशाच्या वहीचे मन सन्मानाच्या वहीपेक्षा मोठे असावे, हे मला नेहमी चमत्कारिक वाटते. सामान्यतः उलट असते.

अमेरिकेतील 'पर्पल हार्ट' हे याच जातीचे पदक. त्याच्या नियमांत हिमदंश स्पष्ट शब्दांत वगळला आहे. युद्धाने मन विदीर्ण झालेल्या सैनिकाला ते द्यावे का, या प्रश्नावर तेथे बराच खल झाला आणि २००९ साली उत्तर 'नाही' असे आले. मेंदूला बसलेल्या हादऱ्याबाबत २०११ मध्ये नियम स्पष्ट करण्यात आले. तरीही जानेवारी २०२० मध्ये इराकमधील अल असद तळावर इराणची क्षेपणास्त्रे पडली, तेव्हा आरंभी कोणालाच इजा झाली नाही असे जाहीर झाले. पुढे शंभराहून अधिक सैनिकांच्या मेंदूला इजा झाल्याचे निदान झाले. त्यांतील काहींना पदक लगेच मिळाले, काहींना वर्षभरानंतर पुन्हा दाद मागून. त्यांच्या अंगावर ओरखडाही नव्हता. जखम दिसली पाहिजे, रक्त वाहिले पाहिजे, ही आपली कल्पना किती जुनी आणि किती अपुरी आहे!

सैन्याला दोष देण्यापूर्वी आपण आपल्या घरात डोकावू या. ख्रिस्तसभेकडेही अगदी अशीच अट आहे. कोणाला रक्तसाक्षी म्हणून घोषित करावयाचे तर मारणाऱ्याने श्रद्धेच्या द्वेषापोटी मारले, हे सिद्ध व्हावे लागते. म्हणजे मरणाऱ्याच्या प्रेमाबरोबर मारणाऱ्याच्या मनाचाही शोध घ्यावा लागतो. आपल्या मध्य भारतातील सिस्टर राणी मारिया यांच्यावर २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धावत्या बसमध्ये आणि बसबाहेर वार झाले. शरीरावरील जखमांची संख्या ५४ नोंदली गेली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्यपद मिळाले. जखमा मोजायला एक दिवस लागला असेल. त्या कशासाठी झाल्या हे ठरवायला बावीस वर्षे लागली. फादर मॅक्सिमिलियन कोल्बे यांची गोष्ट याहून बोलकी आहे. आउश्वित्झच्या छावणीत १९४१ साली त्यांनी एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी स्वतः मरण पत्करले. त्यांना मारणाऱ्यांनी त्यांना श्रद्धेसाठी निवडले नव्हते. ते स्वतःच पुढे झाले होते. म्हणून १९७१ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना धन्य घोषित केले ते रक्तसाक्षी म्हणून नव्हे. पुढे १९८२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी संतपद देताना त्यांना रक्तसाक्षी म्हटले. एकच मृत्यू, तीच कोठडी, तेच पुरावे. वाचणाऱ्याची दृष्टी तेवढी बदलली. अखेर २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी एक नवा मार्गच खुला केला: प्रेमाने प्रेरित होऊन ज्याने आपला जीव अर्पण केला त्याच्यासाठी, मग मारणाऱ्याच्या मनात काहीही असो. जुन्या चौकटीत न बसणाऱ्या सत्यासाठी चौकट वाढवता येते, हे दोन हजार वर्षांच्या संस्थेने दाखवून दिले आहे. काही दशकांच्या नियमांना ते अशक्य नसावे.

आता पुराव्याकडे वळतो. कामठीची छावणी १८२१ पासूनची. तेथे आज गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे, आणि नागपूर-कामठी पट्ट्यातील आपल्या कुटुंबांत निवृत्त जवान पुष्कळ. असे एक काका काही वर्षांपूर्वी अर्ज लिहून घेण्यासाठी माझ्याकडे आले. पाठीच्या दुखण्यासाठी त्यांना एम.आर.आय. करावयाचा होता. तंत्रज्ञाने आधी साधा एक्स-रे पाहिला आणि यंत्रात घालायला नकार दिला. खांद्याच्या मागे धातूचा तुकडा होता, आणि चुंबकाच्या त्या यंत्रात तो हलण्याची भीती होती. काकांना त्याचे आश्चर्य वाटले नाही. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर उखळी तोफेच्या गोळ्याची किरच लागली होती. पलटणीच्या नर्सिंग असिस्टंटने जागेवरच पट्टी बांधली. सगळी पलटण पुढे सरकत होती. काका मागे इस्पितळात गेले नाहीत, पुढे गेले. सोळा तारखेला युद्ध संपले. जखम भरली. कागद झाला नाही.

जो मागे गेला त्याची नोंद झाली आणि जो पुढे गेला त्याची राहून गेली, असा हा न्याय. डिस्चार्ज बुक घेऊन आम्ही संबंधित कचेरीला लिहिले. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आले की सेवा-अभिलेखात अशा जखमेची नोंद आढळत नाही. सोबत एक्स-रेची प्रत पाठवली होती, तिच्याविषयी पुन्हा विचारले. उत्तराचा आशय असा होता की धातू दिसतो हे मान्य. तो केव्हा आणि कोणाकडून आला हे त्यावरून सिद्ध होत नाही. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर बिनचूक आहे. सेमिनरीत मला तर्कशास्त्र शिकवणाऱ्या गुरूंनी त्याला पूर्ण गुण दिले असते. मला मात्र ते वाचून दाखवताना जड गेले. साक्षीदार म्हणावा तर पट्टी बांधणारा नर्सिंग असिस्टंट दहा दिवसांतच पडला होता, आणि शेजारच्या खंदकातला सोबती आंध्रात पक्षाघाताने अंथरुणाला खिळला होता.

त्यांचा मुलगा बाजूला बसला होता. तो म्हणाला, "बाबा, आता कशाला हे? तुम्हाला पेन्शन आहे, आम्ही आहोत." काका म्हणाले, "पैसे कुठे मागतोय मी? त्यांनी एकदा लिहून द्यावं, की हो, हा तिथे होता आणि याला लागलं होतं. बस."

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. एका सद्‌गृहस्थाने मला विचारलेही, की फादर, मानसन्मानाची एवढी आस ख्रिस्ती माणसाला शोभते का? आपल्याला तर डाव्या हाताला उजव्याचे कळू देऊ नये अशी शिकवण आहे. प्रश्न गंभीर आहे आणि तो टाळू नये. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी सन्मानाची जी मीमांसा केली आहे ती येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते सन्मान म्हणजे एखाद्याच्या ठायी असलेल्या श्रेष्ठत्वाची साक्ष. देवासमोर आपल्या विवेकबुद्धीची साक्ष पुरेशी असते, कारण तो अंतःकरण जाणतो. माणसांना मात्र बाह्य चिन्हांवाचून साक्ष देता येत नाही. याचा अर्थ पदक हे देवासाठी नाही आणि खरे पाहता काकांसाठीही नाही; ते आपल्यासाठी आहे, आपल्याला दुसरी भाषाच येत नाही म्हणून. आणि दान गुप्त ठेवावे हा उपदेश देणाऱ्याला आहे. घेणाऱ्याने 'मला काही मिळालेच नाही' असे म्हणावे, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. विनय हा जखमी माणसाचा गुण असू शकतो. तो सरकारने त्याच्याकडून वसूल करावयाचा कर नव्हे.

पुरावा मागूच नये, असे मी म्हणणार नाही. आपल्या महाराष्ट्राने त्याचे फळ पाहिले आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनात भूमिगतांनी सहकाऱ्यांचे दाखले आणावेत अशी सवलत होती. कारण जो पकडला गेला नाही त्याचा तुरुंगाचा कागद कोठून येणार? सवलत योग्य होती. तिचा लाभ घेऊन बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिक उभे राहिले, न्यायमूर्ती पालकर आयोग बसला आणि प्रकरण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. खोटा दाखला देणारा केवळ तिजोरी लुटत नाही. तो आपल्यामागून येणाऱ्या प्रत्येक खऱ्या माणसाला संशयित करून ठेवतो. हे पाप मोठे आहे आणि आपण त्याला पाप म्हणण्याची सवय सोडली आहे. तरीसुद्धा त्याच सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली अशाच एका स्वातंत्र्यसैनिकाच्या प्रकरणात सांगितले होते की येथे फौजदारी खटल्यासारखा कडेकोट पुरावा मागावयाचा नसतो. संभव पाहावयाचा असतो.

म्हणजे पुरावा हवा की नको हा खरा प्रश्नच नाही. तो कोणी जपून ठेवावयाचा होता आणि हरवला तर त्याची शिक्षा कोणी भोगावयाची, हा आहे. याविषयी धर्मग्रामाचा पुजारी म्हणून मला काही सांगता येते, कारण माझ्या कपाटात रजिस्टरे आहेत. बाप्तिस्मा झाला की त्याची नोंद विनाविलंब करण्याचे कर्तव्य कॅनन कायद्याने धर्मगुरूवर टाकले आहे, बालकावर नव्हे. आणि नोंद सापडली नाही, वाळवीने खाल्ली, पुरात गेली, तर? कॅनन ८७६ सांगते की कोणाचे नुकसान होत नसेल तर एका विश्वासार्ह साक्षीदाराचे निवेदन पुरे. आणि बाप्तिस्मा प्रौढपणी झाला असेल तर त्या व्यक्तीची स्वतःची शपथही पुरे. ज्या संस्थेला लोक कर्मठ म्हणतात तिने आपल्या सर्वात मूलभूत संस्काराच्या बाबतीत एका माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला आहे. कोणाचे नुकसान होत नसेल तर, ही अट ध्यानात घ्यावी. काकांना एक फीत मिळाल्याने कोणाचे नुकसान होणार होते?

आपल्या सैन्याच्या नियमांनाही हे तत्त्व अपरिचित नव्हते. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचे १९८२ चे नियम असे होते की पात्रता सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकू नये, वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यावा, आणि प्रत्यक्ष रणक्षेत्रातील सेवेच्या बाबतीत तो अधिक उदारपणे द्यावा. भरती होताना त्याच्या प्रकृतीत दोष नोंदलेला नसेल तर तो धडधाकट होता असे धरून चालावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा ठासून सांगितले. २०२३ साली हे नियम नव्याने लिहिले गेले आणि ते पूर्वीपेक्षा कठोर झाले, अशी माजी सैनिकांच्या संघटनांची तक्रार आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका जवानाच्या विधवेचे प्रकरण आले. जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर, कडाक्याच्या हवामानात गस्त घालताना तो २०१३ च्या जानेवारीत मरण पावला होता. आरंभी त्याची नोंद रणांगणावरील हानी अशी झाली. नंतर ती बदलून साधी शारीरिक हानी अशी करण्यात आली. एक शब्द बदलला आणि तिचे वाढीव कुटुंबवेतन गेले. न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, तिला न्यायालयात खेचायलाच नको होते असे सुनावले आणि सरकारला पन्नास हजार रुपये खर्च भरावयास लावला. निकाल वाचून समाधान वाटते. मग अकरा वर्षे आठवतात.

कागद हरवतो तो नेहमीच कोणाच्या गुन्ह्याने हरवतो असेही नाही. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुईस येथील अभिलेखागाराला आग लागली आणि सैनिकांच्या सोळा-अठरा दशलक्ष फायली जळाल्या. दोन महायुद्धांतील सैनिकांचे आयुष्य एका रात्रीत बेवारस झाले. तेव्हा इस्पितळाच्या याद्या, पगारपत्रके, मिळतील ते तुकडे जोडून नोंदी पुन्हा उभ्या करण्याचे काम त्या कचेरीने स्वतःकडे घेतले. जळालेल्या कागदांचे कडेचे तुकडे तेथे अजून सांभाळले जातात.

संत थॉमस या शिष्याला आपण 'संशयी' म्हणून फार सहज नाव ठेवतो. संत योहानाच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग सावकाश वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. प्रभूने आपले हात आणि कूस इतर शिष्यांना आधीच दाखवली होती. थॉमस तेव्हा तेथे नव्हता. इतरांना जे न मागता मिळाले तेवढेच त्याने मागितले. आणि आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला तो स्वतःहून जखमा पुढे करीत. त्या प्रसंगात पुरावा मागणाऱ्याचा अपमान झालेला नाही. तसे त्याला पाहण्याचे कष्टही टाळता आलेले नाहीत. बोट पुढे करण्याचे निमंत्रण त्यालाच होते. आपल्या कचेऱ्यांत जखम पुढे करणारे पुष्कळ येतात. बोट पुढे करून, ती किरच कोणत्या दिवसाची असेल याचा शोध त्या दिवसाच्या युद्धदैनंदिनीत घेणारा कोणी भेटला, तर अर्धे अर्ज तेथेच निकालात निघतील. त्या दिवशी ती पलटण कोठे होती, तिच्यावर तोफा डागल्या गेल्या की नाही, हे तर सैन्यालाच ठाऊक असते, जवानाला सिद्ध करावे लागत नाही. काकांच्या तिसऱ्या अर्जात आम्ही नेमकी हीच विनंती केली आहे. उत्तर यावयाचे आहे.

दरम्यान आपल्या घरांत जे करण्यासारखे आहे ते वाचकांनी लांबणीवर टाकू नये. १९६५ आणि १९७१ चे जवान आता सत्तरीच्या पुढे आहेत. घरात असे कोणी असतील तर त्यांच्याजवळ बसून तारीख, गाव, पलटण, कंपनी, बाजूला कोण होते त्यांची नावे लिहून काढा; त्यांना आठवते तशी, दुरुस्त न करता. डिस्चार्ज बुकाच्या दोन प्रती काढा, एक घराबाहेर ठेवा. जुना सोबती हयात असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र आजच करून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना म्हाताऱ्या माणसाला एकटे पाठवू नका. एक्स-रे फेकू नका. इंग्रजीत अर्ज लिहावयाचा असेल तर सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सायंकाळच्या मिस्सानंतर मी कार्यालयात असतो.